सिस्टरचं आडनाव

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. आमच्या इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या लायब्ररीत एक रायटिंग सेंटर आहे, अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट घ्यायची आणि आपण लिहिलेलं तिथल्या माणसाला दाखवायचं. मी माझा निबंध घेऊन गेले होते. आधीची एक डिग्री असलेल्यांसाठी इथे न्यू जर्सीत बारा ते सोळा महिन्यांचा ॲक्सिलरेटेड नर्सिंगचा कोर्स असतो, त्याच्या ॲप्लिकेशनला निबंध लागतो, नर्स का व्हायचंय, ५०० शब्दांत. मी त्यात बाबांचं शेवटचं आजारपण लिहिलं होतं. पोरगं झोपल्यावर डायनिंग टेबलावर बसून लिहिलेलं, सात-आठ वेळा खोडलेलं, वाचताना माझाच गळा दाटून यायचा. समोरच्या बाई साठीच्या पुढच्या, हातात पेन्सिल. शांतपणे सगळं वाचलं. त्यात मी डॉक्टरांचं आडनाव लिहिलं होतं, ते त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, बरोबर येतंय का विचारलं. मग 'नर्स' हा शब्द जिथे जिथे होता तिथे त्यांनी गोल केला. सहा गोल झाले. पेन्सिल खाली ठेवून त्यांनी विचारलं, हिचं नाव काय होतं?

मी म्हटलं, आम्ही सिस्टर म्हणायचो.

त्यांना वाटलं ती नन होती. मी सांगितलं की नाही हो, आमच्याकडे सगळ्याच नर्सना सिस्टर म्हणतात, लग्न झालेल्या, न झालेल्या, पन्नाशीच्या, विशीतल्या, सगळ्याच सिस्टर. त्या म्हणाल्या, अच्छा, मग या सिस्टरचं नाव? आणि मी तिथे नुसती बसून राहिले. त्यांनी काही ठपका ठेवला नाही हं, उलट विषय बदलून कुठलातरी स्वल्पविराम दुरुस्त केला. पण खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले आणि किल्ली फिरवायचं सुचेना. काचेवर मेपलची पानं पडत होती, ओली, लाल. अकरा रात्री ती बाई आमच्यासोबत होती. अकरा. आणि मला तिचं नाव माहीत नाही, आठवत नाही असंही नाही, मी कधी विचारलंच नव्हतं.

मी मिरजेची. ज्यांना मिरज माहितीय त्यांना हे सांगायला नको की आमच्या गावात पहिल्यांदा येणारा माणूस एकतर सतार-तंबोरा घ्यायला येतो नाहीतर पेशंट घेऊन येतो. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं गाडीला बसून येतात, स्टेशनबाहेर कानडी ऐकू येतं, लॉजवर नातेवाईकांचे टॉवेल वाळत असतात, डबा पोचवणाऱ्यांच्या सायकली दिसतात. पांढऱ्या साडीतल्या नाहीतर पंजाबी ड्रेसवर कोट घातलेल्या सिस्टर सकाळ-संध्याकाळ ड्युटी बदलताना रिक्षात तिघी-तिघी बसून जाताना बघत मी मोठी झाले. इतक्या बघितल्या की दिसेनाशा झाल्या असं म्हणावं लागेल. गावातल्या डॉक्टरांची आडनावं मात्र आजही घडाघडा म्हणून दाखवेन, कोण हाडांचे, कोण छातीचे, कुणाचा मुलगा कुठे शिकायला गेला.

बाबांना २००९ च्या जानेवारीत अर्धांगाचा झटका आला. गावातल्याच एका हॉस्पिटलात होते. दिवसा आई आणि दादा, रात्री मी, कारण माझं एम.एस्सी. नुकतंच झालेलं आणि पुण्याची नोकरी सुरू व्हायला महिना होता. मायक्रोबायोलॉजीवाली म्हणून मला वाटायचं मला हॉस्पिटलमधलं सगळं कळतं, आणि पहिल्याच रात्री नाकातली नळी बघून मी बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. नाइटच्या सिस्टर चाळिशीच्या असतील. केस घट्ट बांधलेले, पायात रबरी चपला, चालताना त्यांचा चक चक असा बारीक आवाज यायचा तेवढ्यावरून मला कळायचं की आल्या. वॉर्डात बाकीचे झोपलेले असायचे म्हणून त्या दिवा लावायच्या नाहीत. बॅटरी आणायच्या, आणि बॅटरीच्या काचेवर आपली चार बोटं दाबून धरायच्या, म्हणजे बोटांमधून लालसर उजेड पडायचा, तेवढ्या उजेडात सलाइनचे थेंब मोजायच्या, लघवीच्या पिशवीचा आकडा बघायच्या, बाबांचं तोंड बघायच्या. ती लाल बोटं मला अजून दिसतात, नखांच्या कडा, मधली हाडाची सावली. आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी त्या बाबांना सांगायच्या. बाबा बेशुद्ध होते. तरी सांगायच्या. "काका, कुशीवर वळवतेय हं. डाव्या. हां, झालं, झालं." "काका, ओठाला कापूस लावतेय, गार लागेल." पहिल्या रात्री मला ते विचित्र वाटलं होतं, चौथ्या रात्रीपासून मी पण तसंच बोलायला लागले.

अकराव्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला बाबा गेले. डॉक्टर आले, बघून गेले. सिस्टरनी नळ्या काढल्या, बाबांचं तोंड पुसलं, आणि तेव्हाही म्हणाल्या, "काका, चेहरा पुसते."

तेराव्याला आम्ही डॉक्टरांना घरी जाऊन पेढे नाही, पण शाल-नारळ देऊन आलो. सिस्टरला काही नाही. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही, सुचलंच नाही कुणाला.

मग पुण्याची नोकरी, लग्न, २०११ ला इकडे. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो त्या व्हिसावर, शिकता यायचं पण काम करता यायचं नाही, २०१५ ला नियम आला तेव्हा परमिट मिळालं आणि एका कंपनीत डेटा साफ करायचं काम सात वर्षं केलं. वाईट नव्हतं. पण दिवसभर कॉलम जुळवून झाल्यावर माझ्या हाताला काही लागल्यासारखं वाटायचं नाही. २०२२ ला ग्रीन कार्ड आलं त्या रात्री नवरा म्हणाला, आता तुला काय करायचंय ते कर, आणि माझ्या तोंडातून नर्सिंग निघालं. मी आधी कधी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं ते. आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो. मग त्यानं कागद घेतला आणि फी लिहायला लागला, कुठे ४० हजार डॉलर, कुठे ८० च्या घरात, कारण दुसऱ्या बॅचलर डिग्रीला ग्रँट जवळजवळ नसतातच, कर्जच काढायचं. त्या कागदावर त्यानं शेवटी घराच्या हप्त्याखाली रेघ मारून "जमेल" असं लिहिलं, तो कागद मी जपून ठेवलाय.

आईला सांगायला तीन आठवडे घेतले. ती म्हणाली, "म्हणजे सिस्टर?" मी म्हटलं हो. "अगं एम.एस्सी. झालीयस तू." मग म्हणाली, "लोकांचं शी-शू काढणार या वयात?" मला राग आला, आणि राग आला म्हणजे तेच आपल्याही मनात कुठेतरी असणार हेही कळलं. रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदनातून विधवा बायकांना नर्सिंगला पाठवायला सुरुवात केली त्याला शंभरावर वर्षं झाली, तेव्हा त्या बायकांना घरून काय काय ऐकावं लागलं असेल ते मला आईच्या त्या एका वाक्यात ऐकू आलं. मी काही बोलले नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, "जेवलीस का?" म्हणजे दार बंद केलेलं नव्हतं तिनं.

आता हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, बारा महिन्यांचा कोर्स म्हणतात पण त्याच्या दारापर्यंत पोचायला दोन वर्षं जातात. ॲनाटॉमी-फिजिओलॉजी दोन सेमिस्टर लॅबसकट, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, माणसाच्या जन्मापासून म्हातारपणापर्यंतची सायकॉलॉजी, आणि मायक्रोबायोलॉजी. माझी मायक्रोबायोलॉजी जुनी झाली म्हणे, पाच-सात वर्षांच्या आतली लागते बऱ्याच ठिकाणी. त्यात आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, इथे बॅचलर म्हणजे चार, ते एम.एस्सी. जोडीला होतं म्हणून निभावलं. मार्कलिस्टचं मूल्यांकन करून घ्यायचं तर विद्यापीठातून सीलबंद पाकिटात ट्रान्सक्रिप्ट लागतं, त्यासाठी दादानं चार खेपा घातल्या एस.टी.नं. एकदा साहेब नव्हते, एकदा शिक्का नव्हता, एकदा सगळं होतं पण पाकिटावर सही आडवी पाहिजे ती उभी झाली. चौथ्या खेपेला त्यानं पाकिटाचा फोटो पाठवला, जोडावर शिक्का, वर सही, आणि पाकिटाच्या कडेला त्याचा अंगठा.

मायक्रोबायोलॉजी परत घेताना पहिल्या दिवशी कंटाळा आला होता, खरं सांगते. बाजूला एकोणीस वर्षांची मुलं, मी अडतीसची. मग ग्रॅम स्टेनिंग आलं, जंतू रंगवून ओळखायची पद्धत. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन, हाताला सगळं पाठ. स्लाइड वाहत्या पाण्याखाली धरली, जांभळं पाणी सिंकमध्ये गेलं आणि तो वास आला, आणि एकदम मला मी वीस वर्षांची, सांगलीची लॅब, खिडकीबाहेर गुलमोहर, ॲप्रनच्या खिशात रुमालात बांधलेला पोळीचा लाडू. बोटं दोन दिवस जांभळी होती. मी घासली नाहीत.

परीक्षा पण असते एक, टीस म्हणतात, १७० प्रश्न २०९ मिनिटांत. वाचन, गणित, सायन्स, इंग्लिश. सायन्सची भीती नव्हती, मला रडवलं ते पौंड आणि औंसांनी. आपलं अख्खं डोकं किलोत चालतं. औषधाचा डोस काढायचा तर आधी पेशंटचे पौंड २.२ नी भागून किलो करायचे, मग मिलिग्रॅम, मग मिलिलिटर. मुलाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी रोज वीस गणितं करायचे आणि तो तपासायचा, दहा वर्षांचा मुलगा, लाल पेननं. एकदा दशांश चिन्ह एक घर चुकलं तर त्यानं लिहिलं, "आई, दहापट औषध दिलंस." मी त्या वाक्याकडे किती वेळ बघत होते.

पण निबंधाचा जो काटा टोचला तो या कशानं नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी सी.एन.ए.चं ट्रेनिंग केलं होतं, म्हणजे नर्सच्या हाताखालचं काम, नर्सिंग होममध्ये. माझाच हट्ट होता, की एवढं कर्ज काढायच्या आधी अंघोळ घालता येते का, पॉट देता येतो का ते बघू. आपल्याकडे आयाबाई, मावशी करतात ते. तिथे प्रत्येक काम पायऱ्या पायऱ्यांनी शिकवतात आणि स्टेटच्या परीक्षेत तसंच्या तसं करून दाखवायचं असतं, आणि काम कुठलंही असो, नखं कापायची असोत नाहीतर पाय धुवायचे, सुरुवात ठरलेली. दारावर टकटक. आत जाऊन आपलं नाव सांगायचं. काय करणार ते पेशंटला सांगायचं. पडदा ओढायचा. हात धुवायचे, वीस सेकंद. पहिल्या आठवड्यात मी घाईघाईत नाव सांगायचं विसरून थेट चादरीला हात घातला तर शिकवणाऱ्या नर्सनी मला बाहेर पाठवलं, परत टकटक करायला लावली. "ती उघड्या अंगाने तुझ्या हातात असणार आहे," त्या म्हणाल्या, "तू कोण ते तिला कळू दे."

आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. एकाच जागी पडून राहिलं की माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर कातडी आधी लाल होते, बोटानं दाबलं तरी पांढरी होत नाही, ती पहिली खूण, तिथे थांबवलं नाही तर आत हाडापर्यंत जखम जाते. मला पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा मी मनात हिशोब केला. अकरा रात्री. बाबांच्या पाठीवर एकही डाग नव्हता, शेवटची अंघोळ घालताना दादानं आणि काकांनी बघितलं होतं, काका म्हणालेही होते की बघा, पाठ कशी स्वच्छ आहे. तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नव्हता. त्या पाठीवर त्या बाईच्या रात्री होत्या.

अरुणा शानबाग आपल्या सगळ्यांना माहितीय, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स. १९७३ ला त्यांच्यावर अत्याचार झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या ते, आणि २०१५ च्या मे महिन्यात त्या गेल्या तेही. मला ट्रेनिंगमध्ये दोन-दोन तासांचा हिशोब शिकल्यावर त्या वेगळ्याच तऱ्हेने आठवायला लागल्या. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना भरवलं, धुतलं, वळवलं, आणि बेडसोअर होऊ दिला नाही, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुद्धा त्यांच्या सेवेचं कौतुक केलं आणि त्यांच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचाच आहे असं सांगितलं. किती बायका असतील त्या. कुणी नोकरीला लागली, रिटायर झाली, तिच्या जागी दुसरी आली, तिला आधीचीनं शिकवलं असेल की अरुणाला मासे आवडतात की काय आवडतं, कुठल्या कुशीवर त्रास होतो. आपल्याला त्यातल्या एकीचं तरी नाव सांगता येईल का पटकन? मला आलं नाही.

तर रायटिंग सेंटरवरून घरी आले आणि रात्री आईला फोन लावला, तिकडे सकाळ. आई, बाबांच्या वेळच्या त्या नाइटच्या सिस्टर, त्यांचं नाव काय गं? आई म्हणाली, कोण त्या जयसिंगपूरच्या? मी उठून उभीच राहिले. आईला माहीत होतं की त्या जयसिंगपूरहून येतात, की सकाळी ड्युटी सुटली की गाडीसाठी पळत जातात, की त्यांची मुलगी दहावीला आहे आणि तिला गणित जात नाही, की नवऱ्याचं काही धड नाही. गुरुवारी उपास करतात. एकदा आईनं त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली होती डब्यातून. हे सगळं दिवस-रात्रीची पाळी बदलताना पाच-दहा मिनिटांत त्या दोघी बोललेल्या. मी रात्रभर तिथे असून मला यातलं काही नव्हतं ठाऊक. मी म्हटलं, आणि नाव? आई गप्प झाली. मग म्हणाली, "नाव नाही गं विचारलं. सिस्टरच म्हणत होतो की."

दादाला पाठवलं चौकशीला. पंधरा वर्षं झालेली, वॉर्डाचा रंग बदललेला, माणसं बदललेली, तिथल्या एका जुन्या क्लार्कनी सांगितलं की तेव्हा नाइटला दोघी-तिघी जयसिंगपूरच्या होत्या, कुठली म्हणता? दादानं फोनवर मला विचारलं, कशी दिसायची? मी म्हटलं केस घट्ट बांधलेले, रबरी चपला. ते ऐकून तो हसला नाही, नुसतं "बरं" म्हणाला. दुसरं मी काय सांगणार होते, बोटांतून लाल उजेड यायचा म्हणून?

निबंध मी परत लिहिला. डॉक्टरांचं आडनाव काढून टाकलं, त्यांचा राग म्हणून नाही, ५०० शब्दांत जागा नव्हती. आणि पहिल्या ओळीत लिहिलं की माझ्या वडिलांना अकरा रात्री ज्यांनी वळवलं त्यांचं नाव मला माहीत नाही. ते लिहिताना लाज वाटली, अजून वाटते. पण मग पुढचं सगळं आपोआप आलं, बॅटरी, कापूस, "काका, चेहरा पुसते". तीन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी नाही म्हणाले, एका ठिकाणी वेटिंग, आणि तिसरीकडून फेब्रुवारीत ईमेल आली. मी तेव्हा नर्सिंग होममध्ये शिफ्टवर होते, तिथल्या एका रिटायर्ड शाळामास्तरीण आजींना जेवण भरवत होते. त्यांना विसरायला होतं, त्यामुळे त्या दर वेळी माझं नाव विचारतात आणि माझ्या नावात 'ज्ञ' आहे, तो त्यांना येत नाही. दर वेळी मी सांगते, त्या जीभ वळवतात, दर वेळी वेगळंच काहीतरी होतं. आणि मी हो म्हणते.

आता मे महिन्यात कोर्स सुरू होतोय आणि सध्या कागदांची धांदल चाललीय. लसींचे पुरावे पाहिजेत. माझ्याकडे कुठले असणार, लहानपणीचं कार्ड पुरात गेलं. मग रक्त तपासून अँटिबॉडी दाखवायच्या. कांजिण्यांच्या निघाल्या, भरपूर. तिसरीत होते, आईनं अंथरुणात कडुलिंबाचा पाला पसरला होता, खाज सुटली की त्याच डहाळीनं अंगावरून फिरवायची, ते सगळं एका आकड्याच्या रूपात रिपोर्टवर आलं बघून मला फार बरं वाटलं. टीबीची हातावरची टेस्ट मात्र फुगली, आपल्याकडच्या टीबीच्या लसीमुळे, बीसीजीमुळे फुगू शकते, म्हणून रक्ताची वेगळी टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. दंडावरचा तो गोल व्रण बघून नर्स म्हणाली, इंडिया? मी हो म्हटलं. सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबायच्या ट्रेनिंगचं, कार्ड झालं, तीस वेळा दाबायचं आणि दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत, किमान दोन इंच खोल, दोन दिवस मनगटं दुखत होती. सेकंदकाट्याचं घड्याळ घेतलं. कोर्स झाला की लायसन्सची परीक्षा, एनक्लेक्स, पण तिचा विचार आत्ता करत नाही. भीती वाटते का, तर हो, रोज रात्री वाटते, वय, कर्ज, मुलाची पाचवी, आणि ते दशांश चिन्ह.

आईचं मागच्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मिरजेतच. मला जाता आलं नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला तर डोळ्याला हिरवी पट्टी, त्यावर प्लॅस्टिकची वाटी, दुसऱ्या डोळ्यानं फोनकडे बघतेय. मी विचारलं दुखतंय का, थेंब किती वेळा घालायचे, खाली वाकायचं नाही हे सांगितलं का. तिनं माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. उशीखाली हात घालून कागद काढला, औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, आणि मला एक नाव वाचून दाखवलं. नाव, मग वडिलांचं की नवऱ्याचं नाव, मग आडनाव, गाव. "थेंब घालायला आली होती ती," आई म्हणाली. नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण माझ्या वहीत लिहून घेतलंय, डोसच्या गणितांच्या वर. आई परत एकदा चिठ्ठीकडे बघून म्हणाली, "आडनावासकट विचारलं बघ."